रावांच्या मनाचा ठाव

चाकण म्हटलें म्हणजे मराठी वाचकास फिरंगोजी नरसाळा आठवतो, आणि तें योग्यच आहे. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढें सुमारें दोन महिने ज्यानें तेथील भुईकोट झुंजविला, त्याचें नांव त्या पडक्या तटाशीं कायमचें जडलेलें आहे. परंतु आजचा हा लेख किल्ल्याविषयीं नाहीं. त्या गांवच्या चौकांतून फुटणाऱ्या वाटांविषयीं आहे. कांद्याच्या बाजाराकरितां नांवाजलेलें हें गांव आतां मोटारींच्या कारखान्यांचें नगर झालें आहे, आणि तळेगांव चौकांत मालमोटारींच्या रांगांमधून पलीकडे जाणें हेंहि एक साहसच होऊन बसलें आहे. तेथें क्षणभर उभें राहून पाहिलें तर दक्षिणेची वाट पुण्यास जाते. उत्तरेची खेडास, म्हणजे आतांच्या राजगुरुनगरास, आणि तेथून भीमेच्या काठानें वर चासेस. पश्चिमेची तळेगांव दाभाड्यास. आणि पूर्वेची शिक्रापुराकडे, जेथून उत्तरेस वळलें म्हणजे पाबळ लागतें. पेशवाईच्या इतिहासाशीं ज्याचा थोडाबहुत परिचय आहे, त्याला हीं चार नांवें एकत्र ऐकतांच चार बायका आठवतील. पुण्यास मातुश्री राधाबाई, चासेस काशीबाईंचें माहेर, तळेगांवीं उमाबाई दाभाडे, आणि पाबळास मस्तानीची कबर.

गेल्या हिंवाळ्यांत मुलानें मला आपल्या गाडींतून पाबळास नेलें. तो इकडच्याच एका कारखान्यांत नोकरीस आहे. वाटेंत आमचें बोलणें झालें तें रस्त्याच्या खड्ड्यांविषयीं आणि यंदाच्या थंडीविषयीं. कांहीं महिन्यांपासून तो घरीं फारसा बोलत नाहीं. ताटाकडे पाहत जेवतो आणि उठून जातो. मीं त्याच्या आईस विचारलें, आईनें सुनेस विचारलें, सुनेनें 'कामाचा ताण आहे' म्हणून सांगितलें, आणि तें उत्तर त्याच मार्गानें मजपाशीं परत आलें. त्याला स्वतःला मात्र कोणींच विचारलें नाहीं. ही घरगुती गोष्ट येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, पाबळास त्या कबरीपाशीं उभा असतां पेशवे दप्तरांतील जीं पत्रें मला आठवलीं, तीं मीं पूर्वीं अनेकदां वाचलीं होतीं. परंतु तीं कोणीं कोणास लिहिलीं आहेत, याकडे तोंवर माझें लक्ष गेलें नव्हतें.

भट घराण्याचा भाग्योदय याच टापूंत झाला. १७०७ च्या ऑक्टोबरांत मोंगलांच्या कैदेंतून सुटून आलेले शाहूमहाराज आणि ताराबाईंचें सैन्य यांची गांठ भीमेच्या कांठीं खेडास पडली. धनाजी जाधव ऐन वेळीं शाहूंकडे वळले आणि लढाईचा निकाल लागला. ही वळवावळव करण्यांत बाळाजी विश्वनाथांचें अंग होतें असें परंपरा सांगते. पुढें सहा वर्षांनीं, १७१३ सालीं, ते पेशवे झाले आणि १७२० च्या एप्रिलांत वारले. त्यांच्यामागें राधाबाई, वीस वर्षांचे बाजीराव, त्यांहून लहान चिमाजीआप्पा, आणि भिऊबाई व अनूबाई या दोन मुली राहिल्या.

राधाबाई या डुबेऱ्याच्या बर्व्यांच्या कन्या. वैधव्यानंतर तेहतीस वर्षें त्यांनीं पेशव्यांच्या घराचा कारभार डोळ्यांखालीं घातला. त्या केवळ देवघरांत बसणाऱ्या नव्हत्या. १७३५ च्या आरंभीं त्या उत्तरेच्या यात्रेस निघाल्या आणि दुसऱ्या वर्षीं परतल्या. या यात्रेंत उदेपूर व जयपूर येथील दरबारांनीं त्यांचा सत्कार केला; इतकेंच नव्हे, तर ज्या महंमदखान बंगषाला बाजीरावांनीं १७२९ सालीं जैतपुरास कोंडून धरलें होतें, त्यानेंहि त्यांच्या वाटेची व्यवस्था ठेवली. ज्या बाईस शत्रूच्या मुलुखांतून निर्भयपणें जातां आलें, तिला आपल्या वाड्याच्या एका चौकांतून दुसऱ्या चौकांत जाऊन मुलास एक प्रश्न विचारणें कठीण झालें, हाच या लेखाचा विषय आहे.

मुलाचें दुःख काय होतें? लोक एकच उत्तर देतील. परंतु तें उत्तर देण्यापूर्वीं दुसऱ्या एका दुःखाकडे पाहिलें पाहिजे. बाजीरावांची वीस वर्षांची पेशवाई घोड्यावर गेली. फौजा ठेवावयाच्या, त्यांचे पगार तुंबावयाचे, आणि मुलुखांतून पैसा येण्यापूर्वींच तो सावकाराकडे पोंचावयाचा, असा हा संसार होता. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस त्यांनीं लिहिलेलीं पत्रें प्रसिद्ध आहेत. त्यांत हा रणांत कधीं न हरलेला पुरुष कर्जाच्या नरकांत पडलों आहें म्हणून विव्हळतो, सावकार व शिलेदार यांच्या पायां पडतां पडतां कपाळ झिजून गेलें असें सांगतो. विचित्र गोष्ट अशी कीं, ज्या स्वामींस हें लिहिलें तेहि पेशव्यांस पैसे उसने देणाऱ्यांपैकींच एक होते! गुरूपाशीं हें मनोगत उघडें झालें त्यांत भक्ति किती आणि देणेकऱ्याचा नाइलाज किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मला एवढेंच दिसतें कीं, ज्या माणसाला हें बोलतां येत होतें त्याला बोलण्याची गरजहि होती. चासकर जोशी, म्हणजे काशीबाईंचें माहेर, हें तर सावकारीचेंच घराणें. अर्थात् सासुरवाडीसहि मोकळेपणानें बसावें अशी जागा नव्हती.

मस्तानीची हकीकत वाचकांस माहीत आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. जैतपूरच्या प्रसंगानंतर छत्रसालानें आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांस देऊं केला, आणि मस्तानी त्याच संबंधानें इकडे आली अशी परंपरा आहे. तिच्या मूळाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. शनिवारवाडा बांधून १७३२ च्या जानेवारींत त्याची वास्तुशांति झाली, आणि पुढें त्याच वाड्याच्या एका कोपऱ्यांत तिच्याकरितां जागा करण्यांत आली. तिला पाबळ, केंदूर व लोणी हीं गांवें दिलेलीं होतीं. १७३४ सालीं तिला मुलगा झाला, तोच पुढें समशेरबहादूर. त्याच सालीं काशीबाईंना रघुनाथराव झाले. एकाच घरांत एकाच वर्षीं दोन पाळणे हलत होते, आणि त्यांपैकीं एकच पाळणा मोजावयाचा असें त्या घरानें ठरविलें होतें.

पुणेकर ब्राह्मणांनीं या गोष्टीमुळें वाड्यांतील संस्कारांस विघ्न आणण्याचा धाक घातला होता असें सांगतात. कुटुंबास ही भीति निरर्थक वाटली नसावी. घरांत रघुनाथरावांची मुंज व चिमाजीआप्पांचे चिरंजीव सदाशिवराव यांचें लग्न, अशीं दोन कार्यें योजिलेलीं होतीं. शिवाय बाजीरावांच्या मद्यमांससेवनाचा दोष सर्वांनीं तिच्याच माथीं मारला. छावणींत वीस वर्षें काढलेल्या माणसाच्या संवयींचा जमाखर्च एका बाईच्या नांवें लिहिणें हें घरच्या माणसांस नेहमींच सोयीचें असतें. कारण मग घराकडे पाहावें लागत नाहीं.

येथें तळेगांवच्या वाटेनें थोडें जाऊन येऊं. उमाबाई दाभाडे यांचे ज्येष्ठ चिरंजीव सेनापति त्रिंबकराव १७३१ च्या एप्रिलांत डभईच्या लढाईंत बाजीरावांच्या फौजेशीं लढतांना पडले. शाहूमहाराजांनीं मध्यें पडून दोन्ही घराण्यांचा समेट करण्याची खटपट केली. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांस मिळालें. परंतु ते व्यसनाधीन झाले आणि सेनापतीचा कारभार आईलाच पाहावा लागला. एक मुलगा रणांत गेला, दुसरा डोळ्यांदेखत घरांत बुडाला. उमाबाई काय करीत होत्या? त्या फौजा पाठवीत होत्या, गुजराथचे हिशेब पाहत होत्या, ताराबाईंशीं राजकारण करीत होत्या. मुलाचें काम आपण उचलणें हीच त्यांची मुलाशीं बोलण्याची रीत होती असें दिसतें. राधाबाई आणि उमाबाई या दोघींची घराणीं एकमेकांच्या जिवावर उठलेलीं. परंतु दोघींच्याहि घरीं रात्रीं जो दिवा उशिरांपर्यंत जळत असेल, त्याचें कारण एकच होतें. दोघीहि १७५३ सालींच वारल्या.

आतां पत्रांकडे वळूं. त्या काळचें मराठी पत्र ही मोठी बांधेसूद वस्तु आहे. वडिलांनीं मुलास लिहावयाचें तर 'चिरंजीव' आणि 'आशीर्वाद'. मुलानें वडिलांस लिहावयाचें तर 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार'. मग येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जावें, ही ओळ. ती ओळ इतकी ठरलेली आहे कीं तिच्यांत खरें क्षेम विचारलें आहे असें लिहिणाऱ्यालाहि वाटत नसे, वाचणाऱ्यालाहि वाटत नसे. त्यानंतर मजकूर, आणि शेवटीं 'बहुत काय लिहिणें'. जें फार नाजूक असेल तें लिहावयाचेंच नाहीं. पत्र नेणारा विश्वासू माणूस मुखवचनीं सांगेल, असा निर्वाळा द्यावयाचा. शिवाय हीं पत्रें बहुधा कारकून लिहीत आणि कारकूनच वाचून दाखवीत. आईच्या तोंडचा शब्द मुलाच्या कानांवर पडावयाचा तो दोन परक्या माणसांच्या हातांतून जाऊन पडावयाचा. अशा वाटेनें फौजेची हालचाल कळवितां येते, वसईच्या मोर्च्यांस दारूगोळा मागवितां येतो, लग्नाचा मुहूर्त लिहितां येतो. 'तूं रात्रीं झोंपतोस का?' हें लिहितां येत नाहीं.

१७३९ साल हें या घराण्याच्या वैभवाचें साल. मे महिन्यांत चिमाजीआप्पांनीं वसई घेतली. त्याच वर्षीं नादिरशहा दिल्ली लुटून परत गेला. बाहेरून पाहणारास पेशव्यांचा सूर्य माथ्यावर आला होता. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वाड्यांतील मंडळींनीं निश्चय केला कीं, मस्तानीस रावांपासून दूर करावयाचें. ती पहाऱ्यांत ठेवली गेली. नोव्हेंबरांत ती पहाऱ्यांतून निसटून पाटसास बाजीरावांकडे गेली. घरचीं माणसें मागोमाग पाटसास पोंचलीं आणि अखेर तिला परतावें लागलें. जानेवारींत नानासाहेबांनीं तिला पुण्यांत पुन्हा अडकवून ठेवलें. नानासाहेब त्या वेळीं एकोणीस वर्षांचे होते. ज्या गोष्टीविषयीं आजी आणि काका यांना रावांशीं समोर बसून बोलतां आलें नाहीं, ती गोष्ट एकोणीस वर्षांच्या पोरावर सोंपविण्यांत आली, आणि पोरानें ती पोराप्रमाणेंच केली, म्हणजे कुलूप लावून.

या प्रकरणीं जीं पत्रें इतिहासग्रंथांतून वारंवार पुढें येतात, त्यांचे लिहिणारे व घेणारे पाहावे. चिमाजीआप्पा नानासाहेबांस लिहितात. साताऱ्याहून गोविंदराव चिटणीस नानासाहेबांस लिहितात. सर्व पत्रांचा विषय एकच, राव. आणि ज्याच्याविषयीं हीं पत्रें आहेत त्याच्या नांवें त्यांतलें एकहि नाहीं. त्याचें चित्त ठिकाणावर नाहीं, हें सर्वांना दिसत होतें. पाहणारे आंधळे नव्हते, निर्दय तर मुळींच नव्हते. चिमाजीआप्पांसारखा भाऊ कोणास मिळावा? सर्व आयुष्य त्यांनीं बाजीरावांच्या मागें राहून, स्वतःची छातीची व्यथा सोशीत, त्यांचीं कामें पुरीं करण्यांत घालविलें. परंतु प्रेमळ माणसांच्या घरांत सुद्धां असें होतें कीं, एकाची काळजी बाकीचे सगळे मिळून वाहतात, आणि वाहतां वाहतां त्या माणसाभोंवतींच एक कुंपण तयार होतें.

या सर्वांत शहाणपणाचें उत्तर साताऱ्याहून आलें. मस्तानीस जबरीनें वेगळी करावी काय, याविषयीं शाहूमहाराजांचा अभिप्राय काय पडतो तें गुप्तपणें अजमावून गोविंद खंडेराव चिटणिसांनीं २१ जानेवारी १७४० रोजीं नानासाहेबांस कळविलें. त्या पत्राचा इत्यर्थ असा: महाराजांस ही गोष्ट पसंत नाहीं, रावांस विषाद होईल असें कांहीं करूं नये, दोष त्या बाईचा नव्हे, रावांच्या स्वतःच्या मनांत येईल तेव्हांच याचा उपाय होईल, जुलमानें होणार नाहीं. शाहूमहाराज कांहीं रावांचे वडील नव्हेत. परंतु वीस वर्षांच्या बाजीरावास दरबारच्या जुन्या मंडळींचा विरोध असतां ज्यांनीं पेशवाई दिली, त्यांची नजर बापाची होती, आणि मोंगलांच्या छावणींत अठरा वर्षें कैदेंत काढलेल्या त्या राजाला पहारा म्हणजे काय हें पुणेकरांपेक्षां अधिक ठाऊक असावें. सल्ला आला. परंतु कुलूप निघालें नाहीं.

फेब्रुवारींत वाड्यांत मुंज आणि लग्न हीं दोन्ही कार्यें झालीं. बाजीराव आले नाहींत. त्यांस निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशीं गोदावरीकांठीं लढाई चालू असल्याचें कारण होतें, आणि तें कारण खरें होतें. इतिहासकारानें तें डावलूं नये. पण खरें कारण आणि सोयीचें कारण हीं कधीं कधीं एकच असतात. ज्या घरीं आपल्याला बोलवितात परंतु आपल्याशीं बोलत नाहींत, त्या घरच्या मांडवांत उभें राहण्यापेक्षां रणांत उभें राहणें पुष्कळ पुरुषांना सोपें वाटतें. राधाबाईंना नातवाच्या मुंजीचा आनंद झालाच असेल. सदाशिवराव तर त्यांचा विशेष लाडका. आईवेगळ्या त्या पोरास त्यांनींच वाढविला होता. अशा मांडवांत थोरल्या मुलाचें आसन मोकळें. आलेल्या पाहुण्यांस त्यांनीं काय उत्तर दिलें असेल, याची कल्पना कोणत्याहि घरच्या वडीलधाऱ्या बाईस करतां येईल: 'कामें फार आहेत त्याला.'

(त्या नासिरजंगाचीहि एक गंमत सांगण्याजोगी आहे. दुसऱ्याच वर्षीं, १७४१ सालीं, त्यानें आपल्या बापाविरुद्ध तलवार उपसली. दक्षिणेच्या या दोन मातबर घरांपैकीं एकांत मौन होतें, दुसऱ्यांत बंड.)

२७ फेब्रुवारीस तह झाला. बाजीरावांना खरगोण व हंडिया हे प्रांत मिळाले आणि ते नर्मदेकडे निघाले. आप्पा परत फिरले. या वाटा फुटल्यानंतर मार्चमध्यें चिमाजीआप्पांनीं पुतण्यास लिहिलेलें पत्र माझ्या मतें पेशवे दप्तरांतील अत्यंत करुण पत्रांपैकीं एक आहे. आम्ही वेगळे झाल्यापासून रावांचें कांहीं वर्तमान नाहीं, असें ते म्हणतात. त्यांचें चित्त स्वस्थ करण्याची होती तेवढी खटपट केली. परंतु ईश्वराच्या मनांत निराळेंच दिसतें. पुण्यास गेल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावें हें बरें. असा त्याचा भाव आहे. विजयी सेनापतीच्या हातचें हें पत्र आहे. वसईचा तट त्यानें उडविला होता, पण भावाच्या मनाचा तट त्याला उडवितां आला नाहीं, आणि आतां तो वेढा उठवावा म्हणून लिहीत होता. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हा पालटलेला विचारहि रावांस कळविला गेला नाहीं. तो नानासाहेबांस कळविला गेला. 'तिला पाठवितों, धीर धरा' अशा दोन ओळींचें पत्र खरगोणास जावयास किती दिवस लागले असते?

सात आठवडे मधें होते. काशीबाई धाकट्या जनार्दनास घेऊन खरगोणाकडे गेल्या. त्यांच्या पायाला व्याधि होती आणि प्रकृति नाजूक. तरी सगळ्या वाड्यांतून रावांकडे जातीनें गेली ती हीच बाई, जिला न जाण्याचें कारण सर्वांहून अधिक होतें. तिनें जाऊन काय सांगितलें, कांहीं सांगितलें कीं नुसती उशाशीं बसली, हें कोणत्याहि दप्तरांत लिहून ठेवण्याजोगें नव्हतें. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदेच्या कांठीं रावेरखेडीस ज्वरानें बाजीरावांचा अंत झाला. वय पुरें चाळीस नव्हतें. दुःखानें गेले, विरहानें गेले, असें म्हणण्याचा मोह पुष्कळांस होतो. मला तो पटत नाहीं. उन्हाळ्यांतील नर्मदाकांठचा ज्वर माणसास मारण्यास पुरेसा असतो. त्याला काव्याची मदत लागत नाहीं. परंतु माणूस ज्या मनानें गेला तें मन कोणाला ठाऊक नव्हतें, हें मात्र काव्य नव्हे.

मस्तानीहि त्यानंतर लौकरच वारली. तिनें विष घेतलें, अंगठींतला हिरा खाल्ला, सती गेली, अशा नाना कथा पाबळास ऐकूं येतात. चिमाजीआप्पांचा अंत त्याच वर्षाच्या डिसेंबरांत झाला. आठ महिन्यांच्या आंत राधाबाईंचे दोन्ही मुलगे गेले. त्या स्वतः आणखी बारातेरा वर्षें जगल्या. सहा वर्षांचा समशेरबहादूर पेशव्यांच्याच घरांत, रघुनाथरावांच्या बरोबरीनें वाढला, आणि आईचीं गांवें त्याच्याकडे राहिलीं. जो पाळणा मोजावयाचा नाहीं असें एकदां ठरलें होतें, त्यांतल्या मुलाला आजीच्या घरानें जवळ केलें. मुलाला जें बोलतां आलें नाहीं तें नातवाच्या ताटांत वाढलें गेलें असें कोणी म्हटलें तर मी वाद घालणार नाहीं. आमच्या घरांतून ही रीत फार जुनी आहे. १७६१ च्या जानेवारींत पानपतावर राधाबाईंच्या मांडीवर वाढलेले सदाशिवराव पडले, आणि त्याच रणांतून जखमी होऊन निघालेला समशेरबहादूर भरतपूरच्या मुलुखांत मरण पावला. तें पाहावयास त्या राहिल्या नव्हत्या.

हीं सारीं पत्रें आज आपल्याला घरबसल्या वाचतां येतात तीं रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या श्रमामुळें. १९३० ते १९३४ या कालांत त्यांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेले पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. त्यांपैकीं एक खंड बाजीराव व त्यांचें कुटुंब यांनाच वाहिलेला आहे. रियासतकारांचें उत्तरवय याच भागांत, इंद्रायणीकांठीं कामशेतास गेलें. त्यांचे चिरंजीव श्यामकांत उच्च शिक्षणाकरितां जर्मनींत गेले असतां तिकडेच वारले; आणि त्यांचीं पत्रें पुढें वडिलांनीं 'श्यामकांतचीं पत्रें' या नांवानें छापून काढलीं. परक्यांच्या घरचीं दोनशें वर्षांचीं जुनीं पत्रें मोडींतून लावणाऱ्या या वृद्धानें आपल्या घरचींहि पत्रें ओळीनें लावलीं. चिमाजीआप्पांचें तें मार्चचें पत्र निवडून बाजूस काढतांना त्यांचा हात क्षणभर थांबला असेल काय, असा विचार माझ्या मनांत येऊन जातो. इतिहासलेखकानें असे विचार लिहूं नयेत हें मला समजतें.

पाबळची ती कबर साधी आहे. आम्ही तेथें अर्धा तास असूं. परततांना चाकणच्या चौकांत गाडी बराच वेळ अडकली. पुढें मालमोटार, मागें मालमोटार. उतरून जाण्याची सोय नाहीं आणि बोलण्यास दुसरा विषयहि नाहीं. तेव्हां मीं मुलास आप्पांच्या त्या पत्राची हकीकत सांगितली: राव नर्मदेकडे गेले, आप्पांचें मन पालटलें, तिला पाठवूं या म्हणून त्यांनीं लिहिलें. त्यानें हात चाकावर तसेच ठेवून सर्व ऐकून घेतलें.

"मग पाठविलें का, बाबा?" त्यानें विचारलें.

"नाहीं," मीं म्हटलें. "आणि रावांस तसें कोणीं कळविलेंहि नाहीं."